भुवयांच्या मागची पोकळी आणि जुना एक्सरे: सायनसवरून ओळख कशी पटवतात

कवटी सापडते आणि बाकी काहीच सापडत नाही, असं होतं. जंगलात, नदीच्या गाळात, जळून गेलेल्या गाडीत. चेहरा राहिलेला नसतो, बोटांचे ठसे नसतात, कपडे कुजून गेलेले असतात, दात असले तरी त्या माणसाने आयुष्यात कधी डेंटिस्टची पायरी चढलेली नसते. अशा वेळी ही कवटी कोणाची हे सांगायचे जे थोडेफार मार्ग उरतात त्यातला एक आपल्या भुवयांच्या मागे असतो, आणि सर्दीने डोकं जड झाल्याशिवाय आपल्याला त्याची आठवणसुद्धा होत नाही. तो म्हणजे सायनस.

चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या हाडांमधे हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. चार प्रकारच्या असतात: कपाळात भुवयांच्या वर फ्रंटल, गालाच्या हाडात मॅक्सिलरी, दोन डोळ्यांच्या मधे छोट्या छोट्या कप्प्यांचा गठ्ठा असलेला एथमॉइड, आणि पार आत कवटीच्या तळाशी स्फेनॉइड. सगळ्यांची तोंडं नाकात उघडतात म्हणून तर सर्दी तिथपर्यंत पोचते. या पोकळ्या मुळात असतात कशासाठी यावर डॉक्टर लोकांचंच एकमत नाहीये, कोणी म्हणतं कवटी हलकी राहावी म्हणून, कोणी म्हणतं श्वासातली हवा गरम आणि ओलसर करायला, पण तो वाद आपण त्यांच्यावरच सोडू. आपल्याला एवढंच पाहिजे की या पोकळ्या प्रत्येक माणसात वेगळ्या वाढतात आणि माणूस गेल्यावर हाड टिकेल तोवर त्याही टिकतात.

यातली सगळ्यात कामाची म्हणजे फ्रंटल. जन्मलेल्या बाळाचा एक्सरे काढला तर कपाळात ही पोकळी दिसतच नाही. खालच्या एथमॉइडच्या भागातून हवेचा एक कप्पा हळूहळू वर सरकत कपाळाच्या हाडात शिरतो, हाडाचा बाहेरचा थर आणि आतला थर यांच्या मधली जागा पोखरत जातो, साधारण पाच ते सात वर्षांचं मूल झालं की एक्सरेवर दिसायला लागतो आणि विशीच्या आसपास वाढ थांबते. डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींना न विचारता स्वतंत्र वाढतात. त्यामुळे एका बाजूची पोकळी मोठी, दुसरी लहान, मधला पडदा कुठेतरी सरकलेला, असं बहुतेकांचं असतं. वरची कडा तर अजूनच मजेशीर असते, सरळ रेष नसतेच, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे फुगवटे फुगवटे असतात, कोणाला दोन, कोणाला पाच, आणि त्यांच्या मधे अर्धवट आलेले पडदे.

हे सगळं नुसतं जीन्सवर ठरत नाही. लंडनच्या अॅशरसन नावाच्या डॉक्टरांनी १९६५ मधे यावर एक पाहणी छापली होती त्यात एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही फ्रंटल सायनस वेगळे निघाले होते. म्हणजे ज्यांचा नेहमीचा डीएनए रिपोर्ट एकच येईल अशा दोन भावांमधे भुवयांच्या मागची पोकळी फरक दाखवते. हे वाचलं की पेपरवाले लगेच ‘सायनस म्हणजे दुसरे फिंगरप्रिंट’ असं लिहून मोकळे होतात. वाक्य पूर्ण चूक नाही, पण त्यात एक मोठी गोष्ट राहून जाते, आणि हा सगळा लेख खरं तर त्याच गोष्टीबद्दल आहे.

गोष्ट अशी. कवटीतला सायनस कितीही वेगळा असला तरी तो स्वतःहून सांगत नाही की मी अमक्याचा. पोलिसांकडे सायनसचा कुठलाही साठा नसतो की टाकली प्लेट आणि आलं नाव. आधी कोणीतरी संशयित नाव पाहिजे, म्हणजे हरवलेला माणूस, आणि त्या माणसाचा तो जिवंत असताना काढलेला डोक्याचा एक्सरे किंवा सीटी पाहिजे. मग कवटीचा नवीन एक्सरे काढायचा आणि दोन्ही शेजारी लावायचे. जुनी फिल्म नसेल तर जगातला सगळ्यात वेगळा सायनस असून उपयोग शून्य.

हे डोक्यात ठेवून इतिहास बघितला तर मजा येते. रॉन्टगेनने एक्सरे शोधले १८९५ च्या नोव्हेंबरमधे. व्हिएन्नाच्या आर्थर शुलर या रेडिओलॉजिस्टने १९२१ मधे सुचवलं की फ्रंटल सायनसच्या एक्सरेवरून माणसाची ओळख पटवता येईल. (हे शुलर ज्यू होते, नाझींमुळे देश सोडून पुढे ऑस्ट्रेलियात गेले आणि तिथे १९४३ मधे पुन्हा याच विषयावर लिहिलं.) सुचवणं वेगळं आणि खऱ्या केसमधे वापरणं वेगळं. ते झालं १९२७ मधे. अमेरिकेतल्या कल्बर्ट आणि लॉ या दोन डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधे एक केस छापली, आणि त्यातला मृतदेह सापडला होता सिंधू नदीत. ओळखीपलीकडे गेलेला देह. पण त्या माणसाचे सायनसचे आणि कानामागच्या मॅस्टॉइड हाडाचे जिवंतपणी काढलेले एक्सरे डॉक्टरांकडे होते, ते आणि मृत्यूनंतरचे एक्सरे ताडून बघितले, आणि ओळख पटली. एक्सरेच्या जोरावर पूर्ण ओळख पटलेली पहिली केस म्हणून आजही हीच सांगतात. म्हणजे या शास्त्राच्या पहिल्या पानावर फाळणीच्या आधीच्या हिंदुस्थानातली नदी आहे, आणि आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत आहे.

दुसरी केस तर जगातल्या सगळ्यात गाजलेल्या खुनाची. केनेडींच्या हत्येनंतर वर्षानुवर्षं लोक म्हणत होते की पोस्टमार्टेमचे एक्सरे त्यांचे नाहीतच, बदललेत. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या समितीने हे परत तपासायला घेतलं, आणि एलिस कर्ली आणि क्लाइड स्नो या दोन मानववंशशास्त्रज्ञांना काम दिलं की हे एक्सरे त्यांचेच का ते सांगा. त्यांच्याकडे केनेडी जिवंत असतानाचे कवटीचे एक्सरे होते. बाकी खुणांबरोबर त्यांनी फ्रंटल सायनसची कडा ताडली, जुळली, आणि त्यांनी सांगितलं की हो, एक्सरे केनेडींचेच. गोळी कोणी मारली, किती जणांनी मारली, यातलं काहीही त्यावरून ठरत नाही बरं का, लोक तेही जोडून टाकतात. सायनसने फक्त ‘ही कवटी कोणाची’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.

आता प्रत्यक्ष करतात कसं ते बघू. ज्याला नाकाचा त्रास असतो त्याला डॉक्टर ‘पीएनएस एक्सरे’ काढायला सांगतात, ती फिल्म तुम्ही बघितली असेल. हाड पांढरं दिसतं आणि हवा काळी. भुवयांच्या वर जो काळा, वाकड्यातिकड्या कडेचा भाग दिसतो तो फ्रंटल सायनस, आणि त्याच्या खाली डोळ्यांच्या दोन गोल खोबण्या. एक अडचण इथेच सुरू होते. नाकाकानघशाच्या कामासाठी एक्सरे घेताना हनुवटी वर करून घेतात कारण त्यांना गालाचे सायनस मोकळे दिसायला हवे असतात, आणि त्या कोनात कपाळाचा सायनस दबल्यासारखा, आखूड दिसतो. कपाळ टेकवून घेतलेल्या एक्सरेत तोच सायनस उंच दिसतो. डोकं जरा वर-खाली किंवा डाव्या-उजव्या बाजूला झुकलं तरी आकार बदलतो. मग जुनी फिल्म ज्या कोनातून घेतली असेल तोच कोन कवटीला द्यावा लागतो, आणि कवटीला ‘जरा मान वर करा’ असं सांगता येत नाही, त्यामुळे स्टँडवर बसवून, थोडं थोडं फिरवून, परत परत एक्सरे घेऊन बघत बसावं लागतं की कुठल्या कोनात डोळ्यांच्या खोबण्या आणि बाकीची हाडं जुन्या फिल्मशी जुळतात. ते जुळल्यावरच सायनसकडे बघायचं. आता कवटीचा सीटी करतात आणि कॉम्प्युटरवरच पाहिजे त्या कोनातून एक्सरेसारखं चित्र तयार करतात, त्यामुळे हे काम बरंच सोपं झालंय.

कोनाइतकाच त्रास मापाचा. एक्सरेचे किरण पसरत जातात म्हणून फिल्मवरचं चित्र खऱ्यापेक्षा थोडं मोठं येतं, किती मोठं ते मशीन, डोकं आणि फिल्म यांच्यातल्या अंतरावर. दोन वेगळ्या हॉस्पिटलमधल्या फिल्मवर एकाच माणसाच्या सायनसची रुंदी मिलिमीटरमधे मोजली तर वेगळी येऊ शकते. मग नुसती मिलिमीटरमधली मापं घेऊन ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ म्हणणारा माणूस फसणार. यावर एक साधा उपाय इटलीच्या कॅमेरिएरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मधे वापरला: सायनसचं क्षेत्रफळ भागिले त्याच फिल्मवरच्या डोळ्याच्या खोबणीचं क्षेत्रफळ. फिल्म मोठी आली तर दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठी येणार, त्यामुळे गुणोत्तर तेच राहणार. मला हा उपाय फार आवडतो, कारण यात मशीन नवीन लागत नाही, गणित शाळेतलं आहे आणि अडचण अर्ध्याहून जास्त सुटते.

मोजतात काय काय? आधी एक पायाभूत रेष लागते, बहुतेक वेळा दोन्ही खोबण्यांच्या वरच्या कडांना टेकणारी आडवी रेष घेतात, कारण सायनस खाली एथमॉइडमधे कुठे संपतो ते फिल्मवर धड कळत नाही. त्या रेषेच्या वर डाव्या आणि उजव्या पोकळीची उंची, रुंदी, क्षेत्रफळ, दोन्ही बाजूंच्या सगळ्यात उंच टोकांमधलं अंतर, फुगवटे किती, पडदे किती. जपानच्या योशिनो आणि सहकाऱ्यांनी १९८७ मधे अशा सात गोष्टींना आकडे देऊन एक कोड नंबर बनवायची पद्धत काढली. आकार केवढा, दोन बाजूंत फरक किती, मोठी बाजू कुठली, वरची कडा कशी, असं करत करत सात आकड्यांचा नंबर. हिशोबाने यातून वीस हजारावर वेगवेगळे नंबर निघू शकतात.

वीस हजार ऐकून भारी वाटतं पण इथे थांबून विचार करायला पाहिजे. हा हिशोब तेव्हाच बरोबर जेव्हा सातही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील. तशा त्या नाहीत. पोकळी मोठी असेल तर फुगवटे जास्त असणारच, पडदेही जास्त असणार. मग सगळे वीस हजार नंबर सारख्याच वेळा येत नाहीत, काही नंबर खूप लोकांचे येतात आणि काही कोणाचेच नाहीत. कॅमेरिएरेंनी गुणोत्तरं आणली त्यामागे हेही एक कारण होतं. ‘इतक्या लाखांत एक’ असली वाक्यं कोर्टात ठोकून देण्याआधी हा गुणाकार कुठून आला ते विचारायला हवं, आणि चांगला वकील विचारतोच.

अमेरिकेत ते खरंच विचारलं गेलं. १९९३ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने एका औषध कंपनीविरुद्धच्या ‘डॉबर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केसमधे सांगितलं की एक्स्पर्टची पद्धत तपासून बघितलेली आहे का, चूक होण्याचं प्रमाण माहीत आहे का, हे जज्जने बघायचं, नुसता अनुभव पुरेसा नाही. त्याआधी सायनसच्या बाबतीत सगळं ‘मी वीस वर्षं एक्सरे बघतोय, हे जुळतायत’ अशा धर्तीवर चालायचं. अँजी क्रिस्टेन्सन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००४-०५ मधे यावर काम केलं. त्यांनी सायनसच्या बाहेरच्या रेषेला गणितात बसवलं, म्हणजे ती वेडीवाकडी रेष अनेक लंबगोलांची बेरीज म्हणून लिहायची, पहिला लंबगोल ढोबळ आकार देतो, पुढचे त्यात बारकावे भरत जातात, आणि शेवटी सायनसच्या रेषेच्या जागी आकड्यांची एक रांग मिळते. मग दोन रांगांमधलं अंतर काढता येतं. एकाच माणसाच्या दोन फिल्ममधलं अंतर आणि दोन वेगळ्या माणसांमधलं अंतर यांत ठळक फरक निघाला. याचा फायदा हा की ‘मला जुळल्यासारखं वाटतं’च्या जागी ‘एवढं अंतर, आणि अशा अंतराला चुकीची शक्यता एवढी’ असं बोलता येतं.

याचा अर्थ डोळ्यांनी ताडणं वाईट असा नाही हं. कॅनडात ओंटारिओच्या कोरोनर ऑफिसच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारं सरकारी ऑफिस) ३९ जुन्या केसेस घेऊन केलेला एक अभ्यास २००२ मधे छापला गेला, त्यात मापं सगळ्या केसेसमधे जुळवता आली नाहीत, पण आकाराचा नमुना डोळ्यांनी बघून जुळवणं मात्र बहुतेकांत चाललं. जुन्या फिल्म कुठल्या कोनातून, कुठल्या मशीनवर घेतल्या यावर मापाचं सगळं अवलंबून, आणि खऱ्या केसमधे मिळेल ती फिल्म घ्यावी लागते. म्हणून अनुभवी लोक आधी नमुना बघतात आणि मापांचा आधार नंतर घेतात. मला विचाराल तर हाच क्रम बरोबर आहे.

आता एक दुसरीच गोष्ट, जी या विषयाच्या नावाखाली खूप चालते आणि जिच्याबद्दल मला थोडं कुरकुरायचंय. सायनसची मापं घेऊन माणूस कोण हे नाही, तर पुरुष की बाई हे ओळखायचं. आपल्याकडच्या डेंटल कॉलेजांत आणि मेडिकल कॉलेजांतही यावर भरपूर थिसिस होतात, कारण सीटी आणि सीबीसीटीचे (दातांसाठी काढतात तो सीटीसारखाच स्कॅन) स्कॅन कॉलेजमधे आधीच पडलेले असतात, पेशंट वेगळे शोधावे लागत नाहीत. पद्धत अशी: इतके पुरुष, इतक्या बायका, गालाच्या सायनसची लांबी, रुंदी, उंची, सगळ्यांची सरासरी, आणि मग एक सूत्र. सरासरीने पुरुषांचे सायनस मोठे येतात, ते खरंच आहे. पण सरासरी मोठी असणं आणि समोरची एक कवटी ओळखता येणं यात फार अंतर आहे, कारण दोन्ही गटांची मापं एकमेकांवर भरपूर चढलेली असतात, मोठ्या सायनसच्या बायका आणि लहान सायनसचे पुरुष पुष्कळ असतात. टर्कीच्या टेके आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात मॅक्सिलरी सायनसच्या मापांवरून बायका ६९.४ टक्के आणि पुरुष ६९.२ टक्के बरोबर ओळखले गेले. आता नाणं उडवलं तरी ५० टक्के बरोबर येतातच. शंभरातल्या तीस कवट्या चुकीच्या गटात टाकणारी पद्धत एकट्याच्या जोरावर वापरायची नसते. कमरेचं हाड मिळालं तर फेनिस नावाच्या संशोधकाने १९६९ मधे दाखवलेल्या तीन खुणांवरून ९५ टक्क्यांच्या आसपास उत्तर मिळतं, मग कोण कशाला सायनस मोजत बसेल?

तरी मोजतात, त्याला कारण आहे. आगीत बाकीच्या हाडांचे तुकडे होतात, कवटी फुटते, पण गालाचा सायनस चेहऱ्याच्या आत दडलेला असल्याने बऱ्याच वेळा शाबूत मिळतो. कमरेचं हाड नाहीच अशा वेळी ७० टक्के हेही शून्यापेक्षा बरंच. फक्त दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. टर्कीच्या लोकांवर बनवलेलं सूत्र विदर्भातल्या किंवा कोकणातल्या कवटीला लावायचं नाही, कारण चेहऱ्याची ठेवण वेगळी, माप वेगळं. आणि वरच्या दाढा पडलेल्या असतील तर गालाचा सायनस खाली हाडात पसरत जातो, म्हणजे म्हाताऱ्या, बोळक्या तोंडाच्या बाईचा सायनस उंचीला पुरुषासारखा येऊ शकतो.

ओळख पटवण्याच्या कामातही असले खड्डे आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे वय. माणूस नऊ वर्षांचा असताना काढलेला एक्सरे आणि पंचविशीतली त्याचीच कवटी जुळणार नाही, कारण मधल्या काळात सायनस वाढलाय. इथे ‘जुळत नाही म्हणजे हा तो नाही’ असं म्हटलं तर बरोबर माणसालाच बाद करून बसाल. वाढ पूर्ण झाल्यावरची फिल्म असेल तर मग दहा-वीस वर्षांचं अंतर चालतं, मोठेपणी आकार फारसा बदलत नाही, अगदी म्हातारपणी हाड झिजून थोडा मोठा होतो तेवढाच. कपाळाला मार लागून हाड मोडलेलं असणं, मोठं इन्फेक्शन, गाठ, सायनसचं ऑपरेशन, किंवा वाढीच्या हार्मोनचा आजार ज्यात हाडं जाड आणि सायनस मोठे होतात, यातलं काही झालं असेल तर कडा बदलते. गंमत अशी की आजाराची खूण दोन्ही फिल्मवर असेल तर तीच ओळख अजून पक्की करते.

आणि काही लोकांना फ्रंटल सायनस नसतोच, दोन्ही बाजूंना नाही. बहुतेक समाजांत असे लोक शंभरात मोजके असतात, पण आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांत हे प्रमाण बरंच जास्त आढळलंय. अशा कवटीत ताडायला कडाच नाही. तरीही ‘नसणं’ हीसुद्धा माहिती आहे: हरवलेल्या माणसाच्या मोठेपणीच्या एक्सरेत भलामोठा सायनस आहे आणि कवटीत काहीच नाही, तर ती कवटी त्याची नाही, विषय संपला. बाद करायला सायनस फार चांगला. फक्त उलटं चालत नाही, दोघांत नाही म्हणून तो तोच असं होत नाही. बारक्या, एक-दोन फुगवट्यांच्या सायनसचंही तसंच, ताडायला मुद्दे कमी म्हणून खात्रीही कमी.

कवटी आणि फोटो एकमेकांवर ठेवून बघतात ती पद्धत वेगळी, तिची इथे गल्लत करू नका. ती गाजली इंग्लंडमधल्या १९३५ च्या रक्स्टन केसमुळे, आणि तो डॉ. बक रक्स्टन मूळचा मुंबईत जन्मलेला पारशी डॉक्टर होता. बायकोचा आणि मोलकरणीचा खून करून ओळख पटू नये म्हणून त्याने मृतदेहांचे तुकडे केले, चेहरे विद्रूप केले, तरी बायकोच्या फोटोवर कवटीचा फोटो बसवून तपासणाऱ्यांनी कोडं सोडवलं आणि १९३६ मधे त्याला फाशी झाली. फोटोत बाहेरचा चेहरा असतो, त्यामुळे तिथे मांस-कातडीचा अंदाज लावावा लागतो. सायनसमधे हाडाची हाडाशीच तुलना, अंदाज कमी, म्हणून कोर्टात वजन जास्त. आपल्याकडे एक्स्पर्टचं मत आधी पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली यायचं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतं.

मग डीएनए असताना हे सगळं हवंच कशाला, हा प्रश्न येणारच. इंटरपोलच्या नियमात मोठ्या दुर्घटनेत ओळख पटवायचे मुख्य मार्ग तीन: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. सायनसचा एक्सरे त्या तिघांत नाही, तो मेडिकल माहितीत येतो, म्हणजे साथीला. हे मला मान्य आहे. पण डीएनएला वेळ लागतो, नातेवाइकांचं रक्त लागतं, आणि खूप जळालेल्या हाडात तो मिळेलच असं नाही. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटली, २५ प्रवासी गेले, मृतदेह ओळखण्याच्या पलीकडे होते, आणि डीएनएचे रिपोर्ट यायला वेळ लागणार म्हणून दुसऱ्याच दिवशी बुलढाण्यात बहुतेकांवर सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. एक्सरेने तिथे नक्की काम झालंच असतं असं मी म्हणत नाही, त्यासाठी प्रत्येकाची जुनी फिल्म लागली असती. पण १९४९ मधे टोरांटोच्या बंदरात नोरॉनिक नावाची प्रवासी बोट जळाली, शंभरावर माणसं मेली, तेव्हा डीएनए नावाची तपासणी नव्हतीच, आणि तिथल्या रेडिओलॉजिस्टने कवटीपासून पायापर्यंतचे जुने एक्सरे ताडून २४ जणांची ओळख पटवली होती. मोठ्या दुर्घटनेत एक्सरेचा असा वापर पहिल्यांदा तिथे झाला.

ओळख न पटण्याचा जाच तर फक्त मनाचा नसतो. मृतदेह नाही म्हणून डेथ सर्टिफिकेट नाही, ते नाही म्हणून विमा, पेन्शन, सातबाऱ्यावरचं नाव, सगळं अडतं, आणि कायद्याने माणूस मेला असं धरायला सात वर्षं त्याची खबर नसावी लागते. तेवढी वर्षं घरचे ऑफिसांचे उंबरे झिजवतात.

आणि तुटतं कुठे तर परत त्या जुन्या फिल्मवर. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं, त्यानंतर बंधन नाही. फिल्म तर बहुतेक वेळा पेशंटच्याच हातात देतात, ती कपाटावर पाकिटात पडते, आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जाते, जुन्या फिल्ममधे चांदी असते म्हणून तो आनंदाने घेतोही. आता सगळं डिजिटल झाल्याने मोठ्या हॉस्पिटलच्या सर्व्हरवर सीटी पडून असतात, ते एका अर्थी बरं झालंय. डोक्याला मार लागला म्हणून केलेला सीटी, रूट कॅनालच्या आधीचा सीबीसीटी, नाकाच्या ऑपरेशनआधीचा स्कॅन, या सगळ्यांत फ्रंटल नाहीतर मॅक्सिलरी सायनस आपोआप येतो, कोणी तो ओळखीसाठी काढलेला नसला तरी. म्हणून घरातलं कोणी हरवल्याची तक्रार देताना उंची, रंग, अंगावरचे कपडे आणि तीळ एवढं लिहून थांबू नका, डोक्याचा, नाकाचा किंवा दाताचा एक्सरे-स्कॅन कधी आणि कुठल्या गावात झाला होता तेही त्यात लिहा, कारण पोलीस स्टेशनमधे हा प्रश्न स्वतःहून विचारतीलच असं नाही आणि दोन वर्षांनी कवटी सापडल्यावर तो विचारला तर तोवर सेंटर बंद झालेलं असू शकतं.